भंगारात मिळालेला लोरान-सीचा डबा: याला पुन्हा सिग्नल देता येईल का?

सोल्डरगन (सातपूर) | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. अंबड लिंक रोडला एका भंगारवाल्याकडे ट्रान्सफॉर्मर बघायला गेलो होतो, तिथे हा डबा दिसला. फोटो जोडलेत. बुटाच्या खोक्याएवढा, राखाडी पत्र्याचा, उचलायला चांगला जड. पुढे लाल आकड्यांच्या दोन ओळी, खाली रबरी बटणं, आणि उजव्या बाजूला चार छोटे नॉब. त्यांवर 'नॉच' लिहिलंय. बटणांवर 'जीआरआय', 'टीडी' अशी अक्षरं आहेत. मागचं अँटेनाचं पितळी सॉकेट हिरवं पडलंय. भंगारवाला म्हणाला अलंगहून, म्हणजे जुनी जहाजं मोडतात तिथून, आलेल्या लॉटमधला माल आहे. चारशेला दिला.

घरी आणून आधी आतली धूळ ब्रशने काढली, फुगलेले दोन कपॅसिटर बदलले आणि बेंच सप्लायवरून हळूहळू २४ व्होल्टपर्यंत नेलं. आकडे लागले! दोन्ही ओळींत शून्यं, आणि कोपऱ्यातले दोन दिवे लुकलुकत राहिले. अर्धा तास बसलो समोर, लुकलुकणं काही थांबेना. हे नक्की काय आहे आणि हा कशाची वाट बघतोय?

आडगाव_ट्रान्सपोर्ट | रविवार, रात्री ९.३५

जहाजाचा जुना जीपीएस वाटतोय. सॅटेलाइट मिळायला गच्चीवर न्यावा लागेल.

जुना_मेट (इंदिरानगर) | रविवार, रात्री १०.५०

फोटो बघितला आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. सोल्डरगन, हा जीपीएस नाही. हा लोरान-सी रिसीव्हर आहे, समुद्रात बोटीची जागा शोधायचा. कृपा करून विकू नका आणि सुटे भाग काढायला उघडू नका. तीस वर्षं बोटीवर काढली मी, थर्ड मेट म्हणून चढलो आणि कॅप्टन म्हणून उतरलो. असल्या डब्यासमोर माझ्या कितीतरी रात्री गेल्यात.

याला गच्चीवर नेऊन उपयोग नाही, कारण तो आकाशाकडे बघतच नाही. तो जमिनीवरच्या मनोऱ्यांना ऐकतो. शेकडो किलोमीटर अंतर ठेवून उभारलेले, दीड-दोनशे मीटर उंचीचे मनोरे, सगळे १०० किलोहर्ट्झवर. विविधभारतीच्या मीडियम वेव्हच्याही खूप खाली. त्यातला एक मास्टर, बाकीचे सेकंडरी. मास्टर नऊ ठोके देतो, मग ठरलेल्या वेळेनंतर एकेक सेकंडरी आठ-आठ ठोके देतं, आणि पुन्हा मास्टरची पाळी. मास्टरचा ठोका आणि सेकंडरीचा ठोका आपल्यापर्यंत पोचण्यात किती वेळाचा फरक पडला, एवढंच हा डबा मोजतो. टीडी म्हणजे तो फरक, टाइम डिफरन्स. एका मायक्रोसेकंदात रेडिओची लहर ३०० मीटर जाते. तेवढाच फरक जिथे जिथे येईल त्या जागा जोडल्या की नकाशावर एक वक्र रेघ मिळते. दुसऱ्या सेकंडरीची दुसरी रेघ. दोन्ही छेदतात तिथे तुमची बोट.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. रेडिओची लहर दोन वाटांनी येते. एक जमिनीला आणि पाण्याला धरून सरळ, दुसरी वर आयनोस्फिअरला आपटून. दुसरीची वाट लांबची, आणि दिवस-रात्रीप्रमाणे बदलणारी, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. ती सरळ आलेल्या लहरीत मिसळली की मोजमाप बिघडलं. लोरान-सी बनवणाऱ्यांनी बघितलं की वरून येणारी लहर निदान ३५ मायक्रोसेकंद तरी उशिरा पोचते. मग त्यांनी ठोका सुरू झाल्यापासून तिसरं आवर्तन संपून लहर शून्य ओलांडते, म्हणजे ३० मायक्रोसेकंदांचा क्षण, तोच पकडायचा ठरवला. तोपर्यंत येतो तो सिग्नल निखळ, पुढचा सगळा सोडून द्यायचा. तुमचा डबा दिवे लुकलुकवत शोधतोय ते हेच तिसरं आवर्तन.

आपल्याकडेही लोरान होतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. आधी मुंबई आणि कलकत्त्याला डेक्का या तशाच दुसऱ्या यंत्रणेच्या साखळ्या होत्या. साखळी म्हणजे एक मास्टर आणि त्याचे सेकंडरी. त्यांच्या जागी नव्वदच्या दशकात दीपस्तंभ खात्याच्या लोरान-सी साखळ्या आल्या. मुंबईच्या साखळीचा मास्टर ध्रांगध्र्याला, सेकंडरी वेरावळ आणि बिलीमोऱ्याला. कलकत्त्याच्या साखळीचा मास्टर बालासोरला, सेकंडरी डायमंड हार्बर आणि पतपूरला. मुंबईचा जीआरआय ६०४२, म्हणजे दर ६०,४२० मायक्रोसेकंदांनी एक फेरी पुरी. कलकत्त्याचा ५५४३. डब्यावरच्या जीआरआय बटणाने हाच आकडा भरायचा असतो. पण आता ध्रांगध्र्याहून ठोके येत नाहीत. म्हणून ते दिवे थांबत नाहीत.

सोल्डरगन (सातपूर) | रविवार, रात्री ११.२०

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ६०४२ भरलं, डब्याने घेतलं! आता सिग्नल बाहेरून मिळणार नसेल तर मी घरीच तयार करून दिला तर?

वघई_लाइन | सोमवार, सकाळी ७.४५

बिलीमोऱ्याचं नाव वाचून राहवलं नाही. माझं माहेर तिकडचं, आता पेठ रोडला असते. नाशिकहून माहेरी जाताना वणी, सापुतारा, वघई करत उतरायचो, आणि चिकूच्या वाड्या संपत आल्या की लांबून तो मनोरा दिसायचा. लाल-पांढरे पट्टे आणि चहूबाजूंनी ताणलेल्या तारा. रात्री त्याचे लाल दिवे दिसले की मुलं ओरडायची, आजोळ आलं! कुंपणाशी उभं राहिलं की जोराच्या वाऱ्यात त्या ताणाच्या तारा गुणगुणायच्या. आम्ही त्याला रेडिओचा टॉवर म्हणायचो आणि गाणी का लागत नाहीत असं विचारायचो. त्याचं काम काय होतं ते आज कळलं. काका, मनापासून आभार.

आडगाव_ट्रान्सपोर्ट | सोमवार, सकाळी ११.०५

माहिती छान आहे, पण एक स्पष्ट विचारतो. सॅटेलाइट आल्यावर जुनं बंद होणारच. टेलेक्स गेला, तार गेली. एवढे मनोरे, जनरेटर, माणसं पोसायची कुणी आणि कशासाठी? माझ्या चाळीस गाड्यांना जीपीएस आहे, पाच-दहा मीटरमध्ये गाडी कुठे आहे ते दिसतं. तुमच्या लोरानचा अचूकपणा किती होता?

जुना_मेट (इंदिरानगर) | सोमवार, दुपारी ४.३०

प्रश्न रास्त आहे, उत्तरही सरळ देतो. लोरान-सीचा ठरलेला अचूकपणा पाव सागरी मैल, म्हणजे ४६० मीटर. त्याच जागी परत जायचं असेल तर मात्र कितीतरी चांगला, शंभर मीटरच्या आत. अमेरिकेतले मच्छीमार अक्षांश-रेखांश लिहीतच नसत. कुठे जाळं अडकतं, कुठे मासळी असते ते टीडीच्या आकड्यांत वहीत लिहून ठेवायचे, आणि त्या वह्या बापाकडून मुलाकडे जायच्या. आपले कोळी डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून जागा लक्षात ठेवतात ना, तसंच ते.

जीपीएसपुढे हे आकडे फिकेच. अमेरिकेने हिशेब मांडला की बंद केलं तर पाच वर्षांत १९ कोटी डॉलर वाचतील, आणि ८ फेब्रुवारी २०१० ला आपली प्रक्षेपणं थांबवली. कॅनडाने त्याच ऑगस्टमध्ये. अलास्कातल्या पोर्ट क्लॅरेन्सचा मनोरा १,३५० फुटांचा होता, तो त्याच एप्रिलमध्ये सुरुंग लावून पाडला. त्याची चित्रफीत बघितली तेव्हा मी शेवटपर्यंत बघू शकलो नाही. नॉर्वे, फ्रान्स, जर्मनी, डेन्मार्क यांनी ३१ डिसेंबर २०१५ ला बंद केलं.

खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे. मला खटकतं ते वेगळंच. जीपीएसला दुसरा आधार तयार नव्हता आणि तरी असलेला आधार काढला. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, तिथून येणारा सिग्नल खाली पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की खिशात मावेल असं यंत्रही आसपासचा जीपीएस गुदमरवू शकतं. लोरानचे मनोरे शेकडो किलोवॅट सोडायचे. ते दाबायला तसलाच मनोरा उभारावा लागेल, आणि तो लपवणार कुठे? एक यंत्रणा नेमकी पण नाजूक, दुसरी ढोबळ पण दणकट. एकीचा दोष दुसरीत नव्हता. हीच त्या जोडीची किंमत होती.

आणि पुढे काय झालं बघा. युरोपातली ती स्टेशनं बंद होऊन महिनाही झाला नव्हता. २६ जानेवारी २०१६ ला जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढताना बाकीच्या काही उपग्रहांकडून १३.७ मायक्रोसेकंद चुकीची वेळ प्रसारित झाली. जागा दाखवण्यात गडबड झाली नाही, पण वेळेसाठी जीपीएसवर बसलेली दूरसंचाराची यंत्रं जगभर तासन्‌तास तक्रारी करत राहिली. मोबाइलचे टॉवर आणि विजेची ग्रिड यांनाही घड्याळ लागतं. लोरान ते घड्याळसुद्धा देत होतं.

बारा_ते_चार | मंगळवार, पहाटे ५.१५

जहाजावरून लिहितेय, नेट मिळेल तसं. मूळची निफाडची, सध्या कंटेनर जहाजावर सेकंड ऑफिसर, माझी वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी बारा ते चार, म्हणून हे नाव. आडगावकरदादा, जुना_मेट सर म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलंय.

मागच्या फेरीला आखाताच्या तोंडाशी माझी रात्रीची वॉच होती. एक वाजून गेला असेल. ईसीडीआयएसवर, म्हणजे स्क्रीनवरच्या नकाशावर, आमचं जहाज बघता बघता सरकलं आणि जमिनीवर जाऊन बसलं. दोन जीपीएस आहेत, दोन्ही एकाच वेळी गेले, कारण दोघांनी ऐकायचं आकाश एकच. मग रांगच लागली. एआयएसवर (जहाजं आपापली जागा एकमेकांना कळवतात ती यंत्रणा) आजूबाजूची जहाजं एकाच ठिकाणी गोल घातल्यासारखी दिसायला लागली. एकेका यंत्राचा अलार्म सुरू झाला, कारण सगळ्यांच्या पोटात जीपीएसच जातो. काचेबाहेर समोरच्या टँकरचे दिवे मात्र जिथे असायला हवेत तिथेच होते.

कॅप्टनना उठवलं. रडारवर दोन टोकांची अंतरं घेतली, विंगवर, म्हणजे ब्रिजच्या बाहेरच्या टोकाला, जाऊन होकायंत्राच्या रिपीटरवरून दीपस्तंभाची दिशा घेतली, आणि हाताने फिक्स टाकला, म्हणजे नकाशावर आमची जागा काढली. तीन रेघा एका छोट्या त्रिकोणात आल्या तेव्हा जीव भांड्यात पडला. मग दर सहा मिनिटांनी एक, वॉच संपेपर्यंत. किनारा दिसत होता म्हणून हे जमलं. शंभर मैल आत, पावसाळी रात्री असते तर माझ्याकडे फक्त सेक्स्टंट आणि ढग.

काळ्या समुद्रात २०१७ च्या जूनमध्ये वीसेक जहाजांना असंच आपण विमानतळावर उभे आहोत असं दिसलं होतं. तेव्हा आम्ही ते वर्गात धड्यासारखं ऐकलं. आता ते वॉचवर रोजचं झालंय.

आडगाव_ट्रान्सपोर्ट | मंगळवार, सकाळी १०.२०

ताई, अंगावर काटा आला. समृद्धीच्या इगतपुरीच्या बोगद्यात गाडी शिरली की आमच्या स्क्रीनवरचा ठिपका तोंडाशीच थांबतो. ड्रायव्हर पलीकडे निघेपर्यंत मी घड्याळ बघत असतो. पण ड्रायव्हरला रस्ता दिसत असतो आणि बोगद्याला फाटे नाहीत. समुद्रात कुठला रस्ता! माझा मुद्दा मी मागे घेतो. पण आता आपलं नाविक आहे ना, भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा? ते पुरणार नाही का?

जुना_मेट (इंदिरानगर) | मंगळवार, दुपारी १२.१०

नाविक हवंच. दुसऱ्या देशाने उद्या हात आखडता घेतला तर आपल्या हातात आपलं काही असावं, यासाठी ते लाखमोलाचं आहे. पण तेही उपग्रहच, आणि जीपीएसपेक्षा लांब, ३६,००० किलोमीटरवर. सिग्नल तितकाच क्षीण, दाबणाऱ्याला तितकाच सोपा. म्हणून दुसरा आधार जमिनीवरचा हवा असं मी म्हणतो. चीनने आपली लोरानची साखळी मोडली नाही. दक्षिण कोरियात उत्तरेकडून जीपीएस दाबला जातो, २०१६ मध्ये तर मासेमारीच्या होड्या मासेमारी सोडून बंदरात परतल्या. यासाठीच ते लोरानचं सुधारलेलं रूप, ई-लोरान, उभं करण्याच्या मागे आहेत. यात मनोरे जुन्याच पद्धतीचे, घड्याळं आणि रिसीव्हर नवे. जमिनीवरून जाताना लहर किती मंदावते ते आधी मोजून दुरुस्ती करतात, आणि बंदराजवळ वीसेक मीटरपर्यंत जागा कळते.

निफाडच्या लेकीने तीन रेघांचं लिहिलं त्यावरून माझीही एक रात्र आठवली. १९८१, डोव्हरची सामुद्रधुनी, हिवाळा. मी थर्ड मेट. आमच्याकडे डेक्का होतं, लोरानचं चुलत भावंड. डेक्काचा रिसीव्हर विकत मिळत नसे, कंपनी भाड्याने द्यायची. पुढे तीन गोल तबकड्या, घड्याळासारखे काटे. लाल, हिरवी, जांभळी. नकाशावरही त्याच तीन रंगांच्या बारीक रेघांची जाळी छापलेली. तबकडीवर लाल १६.३० आलं की १६ आणि १७ च्या लाल रेघांमध्ये तीन दशांशांवर बोट ठेवायचं, मग हिरवीचं तसंच, आणि बोटं भेटतात तिथे पेन्सिलीचा ठिपका. दोन रेघांमधला पट्टा म्हणजे लेन, त्यांचा गट म्हणजे झोन. एका झोनमध्ये लाल चोवीस लेन, हिरव्या अठरा, जांभळ्या तीस. दोन स्टेशनांना जोडणाऱ्या रेषेवर लाल लेन जेमतेम ४४० मीटर रुंद.

त्या संध्याकाळी अंधार पडताना गडगडाट होत होता. काटे थरथरले, सावरले, मी आकडे वाचले आणि ठिपका टाकला. चीफ मेट शेजारी येऊन उभे राहिले. ठिपका आधीच्या रांगेतून बाजूला गेलेला. त्यांनी काही न बोलता रडारवरून लाइटशिपचं, म्हणजे नांगरून ठेवलेल्या दिव्याच्या जहाजाचं, अंतर काढलं आणि माझ्या ठिपक्यापासून बरंच लांब दुसरा ठिपका टाकला. लाल काट्याने गडबडीत एक अख्खी लेन उडी मारली होती. लेन स्लिप म्हणतात त्याला. काटा दिसायला अगदी स्थिर, आकडा नीटनेटका, फक्त चुकीचा. त्या दिवसापासून एका यंत्राने सांगितलेली जागा मी दुसऱ्या, वेगळ्या जातीच्या यंत्राला विचारल्याशिवाय लॉगबुकात लिहिली नाही. ब्रिटनमधलं डेक्का २००० च्या मार्चअखेर बंद झालं.

सोल्डरगन (सातपूर) | गुरुवार, रात्री ११.४०

अडकलोय. मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावर १०० किलोहर्ट्झचे ठोके तयार केले. मास्टरचे आठ, एकेक हजार मायक्रोसेकंदांच्या अंतराने, नववा दोन हजारांनी. सेकंडरीचे आठ-आठ. फेरी बरोबर ६०,४२० ची. स्कोपवर सुंदर दिसतंय. डबा ढिम्म, दिवे लुकलुकतातच.

ओझर_बेंच | शुक्रवार, सकाळी ६.३०

मी ओझरला विमानांच्या रेडिओ उपकरणांच्या बेंचवर नोकरी केली, आता निवृत्त. सोल्डरगन, तीन गोष्टी बघा.

तुमचे सगळे ठोके एकाच फेजमध्ये आहेत असं वाटतं. लोरानमध्ये काही ठोके उलटे असतात, १८० अंशांनी. कोणता सुलटा, कोणता उलटा याचा साचा मास्टरचा वेगळा, सेकंडरीचा वेगळा, आणि एकाआड एक फेरीत तो बदलतो. दोन फेऱ्या मिळून एक पूर्ण साचा. रिसीव्हर मास्टर ओळखतो तो यावरूनच. शिवाय उशिरा परतलेली लहरही यामुळेच बाजूला पडते. साच्याचा तक्ता तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवतोय.

ठोक्याचा आकारही तपासा. ठोका एकदम उभा राहता कामा नये. हळूहळू चढून ६५ मायक्रोसेकंदांना शिखर गाठतो आणि मग लांब शेपटी. चढणच चुकली तर तिसरं आवर्तन सापडणार कसं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या सॉकेटवर डीसी असेल. बाहेरच्या अँटेनाच्या प्रीअँपला (सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटला) त्याच केबलमधून वीज जायची. मध्ये कपॅसिटर टाका, नाहीतर तुमचा बोर्ड जाईल. सिग्नल अटेन्युएटर लावून मायक्रोव्होल्टपर्यंत खाली आणा आणि केबलनेच द्या. अँटेना लावून हवेत अजिबात सोडू नका, परवान्याशिवाय प्रसारण करता येत नाही.

सोल्डरगन (सातपूर) | शुक्रवार, सकाळी ८.०५

ओझरकाका, सॉकेटवर १२ व्होल्ट निघाले! बोर्ड वाचला तुमच्यामुळे. आज रात्री साचा बसवतो.

वघई_लाइन | शनिवार, दुपारी १.३०

काय झालं? सकाळपासून चार वेळा धागा उघडून बघितला.

सोल्डरगन (सातपूर) | रविवार, पहाटे २.२५

लागला!!

साचा बसवला तरी पहिली दहा मिनिटं काही नाही. मग लक्षात आलं, नॉचचा, म्हणजे नको ते सिग्नल दाबणारा, एक नॉब बरोबर माझ्याच सिग्नलवर आणून ठेवला होता, तो दाबत होता. नॉब डावीकडे सरकवला. वरचा दिवा लुकलुकायचा थांबला. मी हात काढून घेतला, श्वाससुद्धा जपून घेत होतो. पाऊण मिनिटाने खालचा थांबला. पहिल्या सेकंडरीला मी १४,००० मायक्रोसेकंदांचा फरक दिला होता, दुसऱ्याला २८,०००. वरच्या ओळीत १४०००.१, खालच्या ओळीत २८०००.०. शेवटचा आकडा मधूनच एकने हलतो, बाकी सगळे स्थिर. पहिला फरक मी एका मायक्रोसेकंदाने वाढवला, तर आकडे मोजत मोजत १४००१.१ वर गेले आणि तिथे बसले. तीनशे मीटर! आईला उठवून दाखवलं.

डबा अक्षांश-रेखांश देत नाही, फक्त टीडी. मुंबईची साखळी त्याच्या स्मरणात नसावी, तो तिच्या आधीचा असणार. काका, खऱ्या समुद्रातल्या एखाद्या जागेचे टीडी काढून दिले तर डबा ती जागा दाखवेल ना?

बारा_ते_चार | रविवार, पहाटे ४.२०

वॉचवरून आत्ताच उतरले आणि हे वाचलं. शाब्बास! ब्रिजवर सगळ्यांना दाखवते.

जुना_मेट (इंदिरानगर) | रविवार, सकाळी ६.५०

सोल्डरगन, दाखवेल. तिन्ही स्टेशनांचे अक्षांश-रेखांश आणि कोणतं सेकंडरी मास्टरनंतर किती वेळाने बोलायचं ते आकडे मिळाले की बाकीचं त्रिकोणमितीचं काम आहे, ते मी हाताने करतो. जागा प्रॉन्ग्ज दीपस्तंभाच्या नैऋत्येला दहा मैल घेऊ. मुंबई सोडताना तिथूनच मी घरच्या दिव्यांकडे शेवटचं बघायचो.

माझ्याकडे मुंबईच्या समुद्राचा मोठा नकाशा, पॅरलल रूलर आणि दोन डिव्हायडर आहेत. डबा आणि तुमचा बोर्ड घेऊन पुढच्या रविवारी दहाला घरी या. ओझरकरांनाही घेऊन या. पेठ रोडच्या ताईंना जमलं तर फार बरं, बिलीमोऱ्याची रेघ त्यांनी ओढावी. पत्ता निरोपात पाठवतो. पेन्सिली टूबी लागतील, त्या तेवढ्या येताना आणा, इथल्या दुकानात एचबीच मिळतात.